कागदावरची रजा आणि हातात पडणारी रजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'कोणत्या देशात किती भरपगारी रजा' असा तक्ता आला होता. वर ब्राझील, फ्रान्स, ऑस्ट्रिया, मध्ये कुठेतरी जपान आणि तळाला शून्य घेऊन अमेरिका. मी एका कंपनीच्या पेरोल विभागात काम करते. आमच्या शाखा बऱ्याच देशांत आहेत आणि सगळ्यांच्या रजेचा हिशेब शेवटी माझ्या टेबलावर येतो. कुणाची किती साठली, किती घेतली, किती बुडाली हे रोज बघणाऱ्या बाईला असा तक्ता वाचून गप्प बसवेना, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली तक्रार मोजमापाची. तक्त्यात ब्राझील ३० आणि फ्रान्स ३० असे शेजारी शेजारी बसवलेत. ब्राझीलचे ३० म्हणजे कॅलेंडरवरचे सलग दिवस, त्यात शनिवार-रविवार आलेच. फ्रान्सचे ३० हे आठवड्याचे सहा दिवस धरून, म्हणजे पुरते पाच आठवडे. संयुक्त अरब अमिरातीचे ३० पुन्हा कॅलेंडरचे. जर्मनीच्या १९६३ च्या कायद्यात २४ दिवस लिहिलेत, पण तेही सहा दिवसांच्या आठवड्याचे. पाच दिवस काम करणाऱ्याला त्यातले २० मिळतात. ब्रिटनचे २८ बघून वाटतं, जर्मनीपेक्षा हे बरं. पण त्या २८ मध्येच सार्वजनिक सुट्ट्या धरायची मालकाला मुभा आहे. इंग्लंडात त्या साधारण आठ. वजा करा, राहिले तेच २०. जर्मनीत सार्वजनिक सुट्ट्या वरच्या वेगळ्या, शिवाय राज्यागणिक कमीजास्त. चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची लांबलचक सुट्टी दिसते खरी, पण ती जुळवायला आगेमागेचा एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा करतात. दिवसांऐवजी आठवड्यांत हिशेब मांडला असता तर तक्त्याचा क्रम बराच बदलला असता.

दुसरी गोष्ट आजारपणाची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. वार्षिक रजेचा आकडा आजारपणाच्या नियमाशिवाय वाचताच येत नाही. जर्मनीत नोकरीला चार आठवडे झाले की आजारी माणसाला मालक सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार देतो. त्यामुळे २० दिवसांची रजा ही रजाच राहते. जपानमध्ये आजारपणात मालकानं पगार द्यावा असं कायदा सांगत नाही. आरोग्य विम्यातून भत्ता मिळतो तो चौथ्या दिवसापासून, आणि तोही पगाराच्या दोन तृतीयांश. मग साधा ताप आला तरी माणूस वार्षिक रजेतूनच दिवस काढतो, आणि ताप येईल या धास्तीनं वर्षभर शिल्लक धरून बसतो. जपानी माणसाला कामाचं वेड आहे, असं आपण सहज म्हणून जातो. त्यांचे हजेरीपट बघताना मला वेडापेक्षा ही धास्ती जास्त दिसते. जोडीला सहकाऱ्यांवर भार पडेल हा संकोच असतोच.

अमेरिकेत बऱ्याच कंपन्या आजारपण, सुट्टी आणि घरची अडचण हे सगळं एकाच खात्यात टाकतात. पोराला ताप आला, गेले दोन दिवस. दाढ काढली, गेला अर्धा. त्यातून जे वाचेल ते फिरायला जायचं. तुमच्या तक्त्यातलं शून्य कायद्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. १९३८ च्या संघराज्यीय कायद्यानं आठवड्याला ४० तासांवर दीडपट ओव्हरटाइम दिला, पण भरपगारी रजेबद्दल त्यात काही नाही. १९९३ च्या कायद्यानं बाळंतपण आणि गंभीर आजारासाठी १२ आठवडे दिले, तेही बिनपगारी. पण शून्य वाचून कुणाला वाटेल की तिथे कुणीच रजेवर जात नाही. खासगी नोकरदारांतल्या बहुतेकांना कंपनी आपणहून काही दिवस देते, वर्षभरानंतर दहा-अकरा दिवसांच्या आसपास. ज्यांना मिळत नाहीत ते बहुतकरून कमी पगाराचे आणि अर्धवेळ काम करणारे. म्हणजे गरज जास्त त्यांच्याच नावापुढे खरं शून्य.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. रजा किती, हे विचारून झालं की लगेच विचारावं : ती घेतली गेली नाही तर कुणाच्या अंगाशी येतं?

आमच्या जर्मन शाखेसाठी मी दरवर्षी पत्रं काढते. तुमची अमुक इतकी रजा शिल्लक आहे, अमुक तारखेपर्यंत घ्या, नाहीतर बुडेल, असं त्यात स्पष्ट लिहावं लागतं, प्रत्येकाला वेगळं. हे सौजन्य नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं जर्मनीतल्या एका संशोधकाच्या खटल्यात ठरवून टाकलं की मालकानं कर्मचाऱ्याला वेळेवर, नीट सांगितलं नसेल तर केवळ 'मागितली नाही' म्हणून रजा बुडवता येणार नाही. तोवर सगळं ओझं मागणाऱ्यावर होतं, ते एका निकालानं देणाऱ्याकडे सरकलं. पत्र काढायला विसरलं की शिल्लक तशीच चढत जाते आणि माणूस नोकरी सोडताना तिचे पैसे मोजावे लागतात. त्यामुळे आमचे साहेब लोक या पत्रांबद्दल माझ्याकडे जितक्या वेळा चौकशी करतात, तितकी दुसऱ्या कुठल्याच शाखेच्या रजेबद्दल करत नाहीत.

त्याच शाखेतली एक बाई मागे रजेवर असताना पाय मोडून बसली. तिनं डॉक्टरांचा दाखला पाठवला आणि ते दिवस मी तिच्या रजेच्या खात्यात परत जमा केले. ती नोंद मंजुरीला गेली तेव्हा दुसऱ्या देशात बसलेल्या वरिष्ठांनी विचारलं, "अहो, ती रजेवरच होती ना? मग पाय मोडला काय नि नाही काय, आपला काय संबंध?" मी त्यांना जर्मनीच्या त्या १९६३ च्या रजा कायद्याचं नववं कलम पाठवलं. रजा विश्रांतीसाठी असते आणि प्लॅस्टर घालून पडणं ही विश्रांती नव्हे, इतकं साधं आहे ते. नोंद मंजूर झाली, पण आमच्या दुसऱ्या एका शाखेतून असाच दाखला आला असता तर तो फायलीत लावून आम्ही 'लवकर बऱ्या व्हा' असं कळवलं असतं, हेही तितकंच खरं.

जपानला हे उशिरा उमगलं. तिथे १९४७ चा कायदा सहा महिन्यांनंतर १० दिवस देतो, पुढे वाढत वाढत २० पर्यंत. वर्षानुवर्षं त्यातली जेमतेम निम्मी रजा लोक घेत. एप्रिल २०१९ पासून नियम आला की ज्यांना १० किंवा जास्त दिवस मिळतात त्यांनी त्यातले पाच घेतलेच पाहिजेत, आणि ते घ्यायला लावण्याची जबाबदारी मालकाची. नाही घेतले तर माणशी ३ लाख येनपर्यंत दंड. आता गंमत अशी की कर्मचारी ठरलेल्या रजेच्या दिवशी येऊन काम करत बसला आणि मालकानं ते चालवून घेतलं, तर ती रजा घेतली असं धरलं जात नाही. आमच्या तिथल्या शाखेत एक ज्येष्ठ अभियंते अशा दिवशी 'फक्त मेल बघायला' म्हणून आले. त्यांना दारातूनच, अत्यंत अदबीनं, घरी पाठवण्यात आलं. मी आजवर लेखी पाहिलेल्या विनंत्यांमध्ये 'कृपया कामावर येऊ नये' ही सगळ्यात नम्र होती.

दक्षिण कोरियाचा किस्सा याच्या उलट दिशेचा. २०१८ मध्ये त्यांनी आठवड्याची कमाल मर्यादा ६८ तासांवरून ५२ वर आणली. मार्च २०२३ मध्ये सरकारनं सुचवलं की गरजेच्या आठवड्यात ६९ तासांपर्यंत काम करू द्यावं, जादा तास खात्यात साठवावेत आणि नंतर एकदम मोठी रजा घ्यावी. कागदावर किती छान! तरुण नोकरदार मात्र भडकले. आहे तीच रजा आम्हाला मिळत नाही, साठवलेली कोण देणार, असा त्यांचा सवाल होता. सरकारला प्रस्ताव मागे घेऊन फेरविचार करावा लागला. त्या मुलांचं अर्थशास्त्र मंत्रालयापेक्षा पक्कं होतं असं माझं मत आहे.

आणि मग 'अमर्याद रजा'. अमेरिकेतल्या कित्येक कंपन्या हल्ली जाहिरातीत हे मोठ्या टेचात लिहितात. हवी तेवढी घ्या, मोजत नाही! हिशेबाच्या बाजूनं बघा. कॅलिफोर्नियात कमावलेली रजा म्हणजे कमावलेला पगार. ती बुडवता येत नाही आणि नोकरी सुटताना तिचे पैसे चुकते करावे लागतात. म्हणजे कंपनीच्या वहीत ते देणं म्हणून उभं राहतं. अमर्याद म्हटलं की साठण्याचा प्रश्न नाही, साठत नाही म्हणून देणंही नाही. माझ्या तक्त्यात त्या लोकांच्या शिल्लक रजेच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते. ज्याच्या नावापुढे आकडाच नाही तो 'माझे इतके राहिलेत' असं म्हणणार तरी कशाच्या जोरावर? सगळ्यांना शेजारच्याकडे बघून ठरवावं लागतं आणि शेजारचा साहेबाकडे बघत असतो.

भारतात आपण तिसरा रस्ता धरला, पैशांचा. कारखाने कायदा १९४८ चा. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रम संहितेनं २४० चे १८० केले, हे चांगलंच झालं. पण रजेकडे बघायची आपली नजर बचत खात्याची आहे. केंद्र सरकारचा कर्मचारी ३०० दिवसांपर्यंत अर्जित रजा साठवून निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे घेऊ शकतो, आणि त्याला ती रक्कम हवीही असते. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. रजा दिली काय, रोख दिली काय, मालकाला दोन्ही सारखंच वाटेल अशी व्यवस्था असली की माणूस रोखच घेणार. युरोपीय संघाच्या नियमात मात्र किमान चार आठवड्यांच्या रजेऐवजी पैसे देता येत नाहीत, नोकरी संपली तरच देता येतात. इटलीच्या राज्यघटनेचं ३६ वं कलम तर म्हणतं की कामगाराला साप्ताहिक विश्रांती आणि वार्षिक भरपगारी रजेचा हक्क आहे आणि तो हक्क त्याला स्वतःलाही सोडता येणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७० चा करारही तेच सांगतो : किमान तीन आठवडे, आणि पैसे घेऊन ते सोडून देण्याचा कुठलाही समझोता रद्दबातल. भारत, चीन, जपान, अमेरिका यांपैकी कुणीही त्या कराराला मंजुरी दिलेली नाही.

ब्राझीलनं या पैशांची गाठ उलटी मारलीय, आणि पेरोलवाली म्हणून मला ती फार आवडते. १९८८ च्या राज्यघटनेनुसार रजेवर जाणाऱ्याला नेहमीच्या पगारावर एक तृतीयांश जास्त मिळतो, आणि कायद्यानं तो रजा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी हातात पडावा लागतो. मालकानं मुदतीत रजा दिलीच नाही तर दुप्पट पैसे. दहा दिवस विकायची मुभा कामगाराला आहे, पण बाकीचे घ्यावेच लागतात. ऑस्ट्रेलियातही बऱ्याच ठिकाणी रजेच्या काळात साडेसतरा टक्के जादा पगार देतात. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना हे सांगितलं की ती हमखास विचारतात, "काम न करण्याचे जास्त पैसे?" हो, रजेवर गेल्यावर ओव्हरटाइम बुडतो, भत्ते बुडतात, त्या भीतीनं कुणी रजा टाळू नये म्हणून.

माझ्या स्वतःच्या रजेचं विचाराल तर, आमच्या संगणकप्रणालीत अर्ज केला की 'मंजुरी प्रलंबित' अशी पिवळी पट्टी येते. साहेब नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं तर नोंद राहते. ते काहीच करत नाहीत. रजेची तारीख उजाडते, आपण कामावर आलेलो असतो, आणि रात्री बारा वाजता प्रणाली तो अर्ज आपोआप रद्द करते. वर्षाच्या अहवालात 'नाकारलेल्या रजा' या रकान्यात त्यामुळे शून्य दिसतं आणि कंपनीचं कौतुक होतं. स्वीडनच्या कायद्यात २५ दिवस आहेतच, शिवाय जून ते ऑगस्ट या काळात सलग चार आठवडे मागायचा हक्क आहे. तिथे जुलै महिन्यात कुणाला मेल पाठवली की 'ऑगस्टमध्ये भेटू' असं यंत्रच उत्तर देतं. सगळेच गेलेले असतात, त्यामुळे कुणालाच अपराधी वाटत नाही.

कामाच्या तासांवर थोडंच लिहिते. तुमच्या तक्त्याच्या खाली ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचे वार्षिक तास दिलेत : जर्मनी सुमारे १३४०, अमेरिका १८०० च्या आसपास, मेक्सिको २२०० च्या वर. त्यावरून 'जर्मन माणूस आळशी' किंवा 'जर्मन माणूस हुशार' असे दोन्ही निष्कर्ष लोक काढतात. जर्मनीत अर्धवेळ काम करणारे, विशेषतः बायका, खूप आहेत आणि सरासरीत त्यांचे तासही धरलेले असतात. देशोदेशीची मोजण्याची पद्धतही वेगळी आहे. ओईसीडी स्वतःच सांगते की हे आकडे एकाच देशातला काळानुसार फरक बघायला आहेत, देशादेशांची बरोबरी करायला नाहीत. त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून काढलेला अंदाज छापायला हवा होता. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करण्याशी जोडलेल्या पक्षाघात आणि हृदयविकारानं २०१६ या एका वर्षात जगभरात ७,४५,००० माणसं गेली.

'हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, आपल्याला परवडायचं नाही,' असं आपल्याच एका वाचकानं नंतर लिहिलं होतं. फ्रान्सनं पहिली दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली ती जून १९३६ मध्ये, महामंदीतून देश सावरलेला नसताना, कारखान्याकारखान्यांत संप सुरू असताना. लेओं ब्लूम यांच्या सरकारनं ४० तासांचा आठवडा आणि ही रजा पाठोपाठ मंजूर केली, आणि सवलतीची रेल्वे तिकिटं काढली. लाखो कामगार त्याच उन्हाळ्यात प्रवासाला निघाले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, नंतरच्या एका सरकारनं ४० तासांची मर्यादा फोडली. रजेला मात्र कुणी हात लावला नाही. ती १९५६ मध्ये तीन आठवडे झाली, १९६९ मध्ये चार, १९८२ मध्ये पाच. मेक्सिकोही काही श्रीमंत नाही. तिथे पहिल्या वर्षानंतरची रजा १ जानेवारी २०२३ पासून सहा दिवसांवरून थेट १२ झाली.

खरी अडचण मला परवडण्यापेक्षा वेगळी दिसते. जगात सुमारे दोनशे कोटी माणसं अशी कामं करतात जिथे मस्टरच नाही. त्यांची रजा बुडत नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नसते. घरकामगारांसाठी २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती आणि भरपगारी रजेबाबत इतर कामगारांइतकीच वागणूक आहे. ब्राझीलमध्ये घरकामगारांना रजा १९७२ च्या कायद्यानं मिळाली होती, पण दिवसाला आठ तासांची मर्यादा यायला २०१३ ची घटनादुरुस्ती लागली. मग २०१५ च्या कायद्यानं त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळेची नोंद ठेवणं मालकावर बंधनकारक केलं. म्हणजे घरात कामाला एकच माणूस असला, तरी त्याचं मस्टर हवं. त्यावर सही कोण करतं, जेवणाची सुट्टी कशी धरतात, उशिरापर्यंत थांबलेला तास कोण लिहितं, हे आपल्या पुरवणीत कधी छापलंत तर मी आधी तेच पान उघडीन.

आपली नम्र,
एक पेरोल कर्मचारी
(नाव व पत्ता आपल्याकडे आहे, प्रसिद्ध करू नये.)